लाचेचा पैसा सीमेपार जातो; त्याचा माग काढणारे एकत्र कसे येणार?

वाटाड्या

भ्रष्टाचारावरच्या चर्चा बहुधा एका देशापुरत्या किंवा एका सरकारपुरत्या राहतात. मोठ्या लाचेचा प्रवास तसा नसतो. कंत्राट एका देशातले, कंत्राटदार दुसऱ्या देशातला, मध्यस्थाची कंपनी तिसरीकडे नोंदलेली, बँकखाते चौथीकडे आणि त्या पैशातून घेतलेले घर पाचव्या देशात, अशी ती साखळी असते. प्रत्येक देशाच्या तपास यंत्रणेला एकच कडी दिसावी, म्हणून ती मुद्दाम तशी रचलेली असते. सरकारे, उद्योग आणि नागरी संघटना यांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य या साखळीपुढे प्रत्यक्षात कितपत टिकते, यावर सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात लेसोथोपासून करतो. सर्व बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या छोट्या, गरीब देशाने डोंगरातले पाणी दक्षिण आफ्रिकेला पुरवण्यासाठी १९८६ मध्ये करार केला आणि त्यातून धरणे व बोगदे यांचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. प्रकल्प प्राधिकरणाचे मुख्याधिकारी मासुफा सोले यांच्याविरुद्धच्या दिवाणी दाव्यात दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या खात्यांचे उतारे हाती आले, तेव्हा त्यांत स्वित्झर्लंडहून आलेल्या रकमा दिसल्या. लेसोथोने स्विस अधिकाऱ्यांकडे साहाय्य मागितले आणि तिथले तपशील मिळाल्यावर संपूर्ण चित्र उभे राहिले. परदेशी कंपन्या मध्यस्थांच्या खात्यांत पैसे भरत होत्या आणि त्यांतला वाटा पुढे सोले यांच्या खात्यांत जात होता. २००२ मध्ये सोले दोषी ठरले. त्याच वर्षी कॅनडाची एक्रेस इंटरनॅशनल ही सल्लागार कंपनीही लेसोथोच्या न्यायालयात दोषी ठरली आणि २००४ मध्ये जागतिक बँकेने तिला आपल्या कामांसाठी अपात्र ठरवले.

लाच देणाऱ्या बड्या परदेशी कंपनीला लाच घेणाऱ्याच्या देशातल्या न्यायालयाने शिक्षा करावी, हे तोवर फारसे कोणी पाहिले नव्हते. लेसोथोकडे हे करण्याची जिद्द होती. पण स्विस बँकेतले कागद आले नसते तर खटला उभाच राहिला नसता. त्यामुळे सहकार्य मोजताना मी एकच प्रश्न विचारतो: कागद कोणाकडे आहे, आणि तो ज्याला हवा आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो का? परिषदा आणि जाहीरनामे यांची गणती मला त्यानंतरची वाटते.

ताळेबंद

धागा काढल्याबद्दल आभार. मी अनेक वर्षे हिशेब तपासणीच्या क्षेत्रात आहे, तेव्हा उद्योगांच्या बाजूने काही लिहितो.

परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच हा गुन्हा आहे, ही कल्पनाच फार जुनी नाही. अमेरिकेने तसा कायदा १९७७ मध्ये केला, तोही वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यानंतरच्या चौकशांत शेकडो कंपन्यांच्या संशयास्पद रकमा उघड झाल्यामुळे. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या लाचप्रकरणात जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली होती. त्यानंतर वीस वर्षे अमेरिकी कंपन्यांची तक्रार होती की आमचे हात बांधले आहेत आणि युरोपातले स्पर्धक मोकळे आहेत. ती तक्रार खोटी नव्हती. जर्मनी आणि फ्रान्ससारख्या देशांत परदेशात दिलेली लाच व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा करता येत होती. ही सवलत बंद करावी, अशी शिफारस ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने १९९६ मध्ये केली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये लाचविरोधी करारावर सह्या झाल्या आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये तो लागू झाला.

पण करार लागू झाला म्हणून सवय सुटत नाही. सीमेन्स या जर्मन कंपनीचे प्रकरण त्यानंतरचे आहे. तपासात असे निघाले की कंपनीच्या कार्यालयांत रोख रकमेच्या खिडक्या होत्या आणि कर्मचारी तिथे रिकाम्या बॅगा घेऊन जाऊन नोटा भरून आणत. मंजुरीच्या सह्या मूळ कागदाऐवजी त्यावर डकवलेल्या, सहज काढून टाकता येणाऱ्या चिठ्ठ्यांवर घेतल्या जात, म्हणजे पुढे सही कोणाची हे सिद्धच होऊ नये. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनी यांच्याशी झालेल्या तडजोडींत कंपनीला एकूण सुमारे १६० कोटी डॉलर मोजावे लागले. दोन्ही देशांच्या यंत्रणांनी एकमेकांना माहिती दिली नसती, तर हा आकडा आणि ही कबुली दोन्ही शक्य नव्हते. पुढच्या वर्षी जागतिक बँकेबरोबर झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने भ्रष्टाचारविरोधी उपक्रमांसाठी १५ वर्षांत १० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

माझ्या कामात रोकड भरलेल्या बॅगा कधी दिसल्या नाहीत. दिसते ते एका ओळीचे बिल. ‘सल्लासेवा, ठरल्याप्रमाणे’ एवढेच शब्द आणि खाली एक गोल रक्कम. सल्ला कोणी दिला, कशाबद्दल दिला, त्याचा अहवाल कुठे आहे, हे विचारले की विक्री विभागाकडून उत्तर येते, ‘तिकडे असेच चालते.’ एकदा अशा बिलावर मी अडून बसलो, तेव्हा त्या सल्लागार कंपनीचा मालक कोण हे शोधण्यासाठी मला तीन देशांच्या कंपनी नोंदणी कार्यालयांशी पत्रव्यवहार करावा लागला. आणि शेवटच्या पत्राचे उत्तर असे आले की ही माहिती आम्ही खासगी व्यक्तींना देत नाही. वाटाड्या यांनी विचारलेला प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला होता. कागद होता. तो मला पाहता येत नव्हता.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो. मोठ्या कंत्राटांची मला माहिती नाही. चिरीमिरीची मात्र पुरेपूर आहे, आणि ती चिरीमिरीही आंतरराष्ट्रीयच असते.

जहाज बंदरात लागले की पाच-सहा अधिकारी शिडीने वर येतात. आरोग्य, सीमाशुल्क, इमिग्रेशन, बंदर प्रशासन. कागद सगळे चोख असतात. कॅप्टनच्या केबिनमध्ये बसून एक जण औषधांच्या यादीवर बोट फिरवत राहतो आणि शेवटी म्हणतो, या एका औषधाच्या मुदतीची तारीख नीट वाचता येत नाही. मग शांतता पसरते. सिगारेटची खोकी आणून टेबलावर ठेवली की तारीख वाचता येऊ लागते. नाही ठेवली, तर जहाज अडकते आणि एका दिवसाचा खोळंबा हजारो डॉलरचा असतो. कॅप्टनने नकार दिला तर मालक विचारतो, उशीर का झाला? दिली तर मालक विचारत नाही. एका बंदरात आमच्या कॅप्टनने नकार दिला होता. जहाज दीड दिवस उभे राहिले आणि त्याच्या बाजूने एक ओळसुद्धा मुख्यालयातून आली नाही. एकट्या माणसाचा आणि एकट्या कंपनीचा नकार किती महाग पडतो, हे मी तेव्हा पाहिले.

म्हणून २०११ मध्ये काही जहाज कंपन्यांनी मिळून मेरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क सुरू केले, ही बातमी मला महत्त्वाची वाटली. स्पर्धक असलेल्या कंपन्या अशा प्रसंगांची माहिती नाव न सांगता एका ठिकाणी नोंदवू लागल्या. कोणत्या बंदरात, कोणत्या तपासणीच्या वेळी आणि कशाची मागणी होते, याचा नकाशा त्यातून तयार झाला. अर्जेंटिनात धान्य भरण्याआधी जहाजाच्या कोठारांची स्वच्छता तपासतात. कोठार स्वच्छ की अस्वच्छ, हे निरीक्षकाच्या एका शब्दावर ठरत असे आणि पैशांची मेख तिथेच होती. नेटवर्कने ही माहिती स्थानिक उद्योग आणि सरकार यांच्यापुढे ठेवली. २०१७ मध्ये तिथले नियम बदलले: निरीक्षकाच्या मर्जीला मर्यादा आली, तपासणीची उलटतपासणी सुरू झाली, नोंदी संगणकावर आल्या आणि वाद झाल्यास वर दाद मागण्याचा मार्ग ठरला. कोणालाही तुरुंगात न पाठवता झालेले हे काम आहे. लाच मागण्याची संधी जिथे निर्माण होते ती जागा शोधून बंद केली गेली. आणि ती जागा नेमकी कुठे आहे, हे सरकारपेक्षा लाच देणाऱ्यालाच अधिक नेमके ठाऊक होते.

प्रश्नचिन्ह

वरचे प्रतिसाद मोलाचे आहेत, पण मला यात एक मोठी उणीव दिसते. सरकारांना वाटते तोवरच हे सहकार्य चालते.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. सौदी अरेबियाबरोबरच्या शस्त्रव्यवहारावरून बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश शस्त्रकंपनीची चौकशी सुरू होती. डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन ती थांबवली गेली. तपासावर आर्थिक हितसंबंधांचा किंवा दुसऱ्या देशाशी असलेल्या संबंधांचा प्रभाव पडू देऊ नये, असे ओईसीडी कराराचे पाचवे कलम स्पष्ट सांगते, आणि ब्रिटनची त्यावर सही होती. ग्वाटेमालात तर संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर उभा राहिलेला चौकशी आयोग स्थानिक सरकारी वकिलांबरोबर काम करत होता. सीमाशुल्क घोटाळ्याच्या त्याच्या तपासामुळे २०१५ मध्ये अध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांना पायउतार व्हावे लागले. पुढे निवडून आलेल्या अध्यक्षांच्या निकटवर्तीयांपर्यंत चौकशी पोहोचली, तेव्हा त्यांनी आयोगाची मुदत वाढवण्यास नकार दिला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाचे काम संपले. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेने १९७७ च्या त्या कायद्याची अंमलबजावणी काही महिने थांबवली आणि जूनमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली.

उद्योगांबद्दलही माझे मन साशंक आहे. ब्राझीलच्या ओडेब्रेख्त कंपनीत लाच वाटण्यासाठी स्वतंत्र विभागच होता. त्याची संदेशवहन यंत्रणा वेगळी होती आणि पैसे घेणाऱ्यांना टोपणनावे दिलेली होती. २०१६ मध्ये कंपनीने १२ देशांत मिळून सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर लाच दिल्याचे मान्य केले. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे दर्यावर्दी यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या चोराला पहाऱ्याच्या समितीत बसवताना किती सावध राहायचे, याचे उत्तर मला कुठे सापडत नाही.

दुभाषी

मी न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरे करते. त्यांत एका देशाने दुसऱ्याला पाठवलेली साहाय्य मागणारी विनंतीपत्रेही असतात. सहकार्य प्रत्यक्षात कसे रखडते, ते या टेबलावरून चांगले दिसते.

पत्रात गुन्हा काय, कलम कोणते, खाते कोणाचे, त्या खात्याचा गुन्ह्याशी संबंध काय आणि नेमके कोणते कागद हवेत, हे सारे लिहावे लागते. अडचण अशी की संबंध सिद्ध करायला खात्याचा उतारा हवा, आणि उतारा मिळण्यासाठी संबंध दाखवायला हवा. ‘संशयिताच्या नावावरची सर्व खाती कळवावीत’ असे मोघम लिहिलेले पत्र परत येते. मी केलेल्या एका भाषांतरात मूळ कायद्यातला ‘अपहार’ समोरच्या देशाच्या कायद्यात नेमका कशात बसतो, या एका शब्दावरून चार महिने पत्रव्यवहार चालला. तेवढ्या वेळात खात्यातले पैसे कितीतरी वेळा हलवता येतात.

संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराने यातले काही अडथळे दूर केले, हे मात्र मान्य करायला हवे. आमसभेने तो ऑक्टोबर २००३ मध्ये स्वीकारला, डिसेंबरमध्ये मेक्सिकोतल्या मेरिदा इथे सह्या झाल्या आणि १४ डिसेंबर २००५ पासून तो लागू आहे. आज १९० हून अधिक पक्ष त्यात आहेत. त्याच्या ४६ व्या कलमानुसार बँकेच्या गोपनीयतेचे कारण सांगून साहाय्य नाकारता येत नाही. हे एक वाक्य माझ्या टेबलावरच्या किती पत्रांत उद्धृत होते, ते सांगितले तर आश्चर्य वाटेल. चोरलेली संपत्ती परत करणे हे कराराचे मूलभूत तत्त्व आहे, असे ५१ वे कलम सांगते. औपचारिक पत्र पाठवण्याआधी एका देशाच्या तपास अधिकाऱ्याने दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याला सरळ विचारता यावे, यासाठी २०२१ पासून ग्लोब-ई नेटवर्क आहे. अनुभवी तपास अधिकारी सांगतात की आधी असे बोलणे झाले असेल तर पत्र नेमके लिहिले जाते आणि नेमक्या पत्राला उत्तर येते.

तरीही वेळ लागतोच. स्वित्झर्लंडने फिलिपिन्सचे हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांची संपत्ती मार्च १९८६ मध्ये गोठवली. फिलिपिन्सच्या हाती सुमारे ६८ कोटी डॉलर पडायला २००४ साल उजाडले. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांना त्यातून भरपाई देण्याचा कायदा २०१३ मध्ये आला. तोवर त्यांतले अनेक जण हयात नव्हते. हे वाचताना माझे मन अस्वस्थ होते.

वाटाड्या

प्रश्नचिन्ह यांच्या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. सरकारे मागे हटतात, हे अगदी खरे. म्हणूनच नागरी संघटनांची जागा मी केवळ जनजागृतीपुरती मानत नाही. सरकार थांबले तरी प्रकरण थांबू नये, ही त्यांची जागा आहे.

ब्रिटनच्याच प्रकरणात चौकशी थांबवण्याच्या निर्णयाला दोन संघटनांनी न्यायालयात आव्हान दिले. २००८ मध्ये उच्च न्यायालयात त्या जिंकल्या आणि काही महिन्यांनी लॉर्ड्ससभेत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, हरल्या. पण ओईसीडीच्या कार्यगटाने ब्रिटनवर जाहीर टीका चालू ठेवली आणि २०१० चा लाचविरोधी कायदा आला. लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था कंपनीने केली नसेल, तर तिच्या वतीने दिल्या गेलेल्या लाचेबद्दल कंपनीच दोषी ठरते, अशी तरतूद त्यात आहे. ताळेबंद यांना मिळालेले ‘तिकडे असेच चालते’ हे उत्तर त्या कायद्यापुढे टिकत नाही.

दुसरे उदाहरण फ्रान्समधले. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीच्या अध्यक्षांचे पुत्र तेओदोरिन ओबियांग यांचा पॅरिसमधला आलिशान वाडा आणि मोटारींचा ताफा यांमागचा पैसा कुठला, हा प्रश्न त्यांच्या देशाचे सरकार विचारणार नव्हते, कारण सरकार त्यांच्याच घरचे होते. फ्रान्सचे सरकारी वकीलही उत्सुक नव्हते. शेर्पा आणि ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल फ्रान्स या भ्रष्टाचाराविरुद्ध लढणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. अशा संस्थेला फिर्याद करण्याचा अधिकार आहे, असा निर्वाळा फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये दिला. २०१७ मध्ये ओबियांग दोषी ठरले आणि जुलै २०२१ मध्ये निकाल अंतिम झाला. त्यानंतर काही दिवसांतच अशी जप्त संपत्ती मूळ देशातल्या जनतेच्या उपयोगासाठी परत करण्याचा कायदा फ्रान्सने केला. कुंपणच शेत खात असेल, तर शेताबाहेरच्या कोणालातरी ओरडण्याचा हक्क असावा लागतो. त्या निर्वाळ्याने तो दिला.

पैसा परत गेल्यावरही पहारा लागतो. नायजेरियाचे लष्करशहा सानी अबाचा यांच्या लुटीतले सुमारे ३२ कोटी डॉलर परत करताना स्वित्झर्लंड, नायजेरिया आणि जागतिक बँक यांनी डिसेंबर २०१७ मध्ये करार केला. रक्कम गरीब कुटुंबांना थेट मदत म्हणून द्यायची आणि वाटपावर नागरी संघटनांनीही लक्ष ठेवायचे, असे त्यात ठरले.

ताळेबंद

उद्योगांना पहाऱ्याच्या समितीत कसे बसवायचे, या प्रश्नावर मला युक्रेनचे उत्तर पटते. २०१४ नंतर तिथल्या स्वयंसेवकांनी, उद्योजकांनी आणि काही सरकारी अधिकाऱ्यांनी मिळून प्रोझोरो ही सरकारी खरेदीची प्रणाली उभारली. सुरुवातीला तिचा ताबा सरकारकडे नव्हता, ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल युक्रेनकडे होता. नंतर ती सरकारला दिली गेली आणि ऑगस्ट २०१६ पासून सर्व सरकारी कार्यालयांना बंधनकारक झाली. सर्वांना सर्व काही दिसेल, हे तिचे ब्रीद. निविदा उघडल्यावर हरलेल्या कंपनीला जिंकलेल्या कंपनीचे कागद पाहता येतात. इथे उद्योजक सज्जन आहे असे गृहीत धरलेलेच नाही. हरलेल्याला जिंकणाऱ्याची चूक शोधण्यात स्वार्थ असतो आणि तोच स्वार्थ पहाऱ्याला जुंपला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून दोझोरो या जोडसंकेतस्थळावर नागरिक आणि संघटनाही संशयास्पद निविदांबद्दल तक्रार करू शकतात.

प्रश्नचिन्ह

हे उत्तर मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मग एक कागद असा सांगतो, जो अजून दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या करारात देशांनी एकमेकांचे परीक्षण करण्याची व्यवस्था २००९ मध्ये दोहा इथे ठरली. त्या परीक्षणाचा फक्त सारांश जाहीर करणे आवश्यक आहे. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करायचा की नाही आणि परीक्षकांनी नागरी संघटनांना भेटायचे की नाही, हे ज्या देशाचे परीक्षण चालू आहे तोच देश ठरवतो. ओईसीडी मात्र आपले अहवाल पूर्ण छापते, आणि ब्रिटनवर दबाव आला तो त्यामुळेच.

कंपन्यांच्या खऱ्या मालकांच्या नोंदींचेही तसेच. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्या सर्वांना खुल्या करण्याचे ठरवले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संघाच्या न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन ती तरतूद रद्द केली. आता पत्रकार आणि संघटना यांना आपले रास्त हितसंबंध दाखवून माहिती मागावी लागेल. माल्टात पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया यांनी अशाच आडपडद्याच्या कंपन्यांमागचे मालक शोधले होते आणि १६ ऑक्टोबर २०१७ रोजी मोटारीत बॉम्ब ठेवून त्यांची हत्या झाली. मी कोणाबद्दल माहिती मागत आहे, हे नोंदणी कार्यालयाच्या वहीत आधी लिहून द्यायचे म्हणजे काय, याचा विचार अशा पत्रकाराच्या जागी बसून करावा.

दुभाषी

प्रश्नचिन्ह यांच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. २०२४ च्या नव्या युरोपीय नियमांत पत्रकार आणि नागरी संघटना यांचे हितसंबंध रास्त आहेत असे आधीच मानले आहे, म्हणजे प्रत्येक वेळी ते नव्याने सिद्ध करावे लागू नयेत. प्रत्येक देश ते कसे राबवतो, हे पाहावे लागेल.

अमेरिकेने आपल्या कायद्याची अंमलबजावणी थांबवल्यानंतर घडलेली एक गोष्टही इथे नोंदवते. मार्च २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांच्या अभियोक्त्यांनी आंतरराष्ट्रीय लाचखोरीच्या खटल्यांसाठी संयुक्त कृतिदल स्थापन केले. यांतल्या ब्रिटनने २००६ मध्ये चौकशी गुंडाळली होती, स्वित्झर्लंडकडे लेसोथोला कागद मागावे लागले होते आणि फ्रान्समध्ये संस्थांना सरकारी वकिलांशी झगडून न्यायालय गाठावे लागले होते. त्यांच्या टेबलावरची पत्रे आता किती वेगाने फिरतात, हे मला माझ्या कामात लवकरच दिसेल. दिसले की या धाग्यावर येऊन लिहीन.